फेरात तिची जागा

श्रावण लागला की आपल्याकडं पंचमीची चाहूल लागते. झाडाला झोके बांधले जातात, कासाराकडं बांगड्या भरायला गर्दी होते, माहेरवाशिणी पिशव्या सावरत एसटीतून उतरायला लागतात. रात्री जेवणं आटोपली की गल्लीतल्या बायका पारापुढं नाहीतर एखाद्या मोठ्या अंगणात जमतात. एक जण गाणं उचलते, बाकीच्या मागून ओढतात आणि बघता बघता फेर धरला जातो. अणदूर घ्या, नळदुर्ग घ्या, तुळजापूर घ्या. टीव्ही आला, मोबाइल आला, फेर पूर्वीइतके राहिले नाहीत हे खरं. पण पंचमी म्हटलं की बायकांचे पाय अजून थांबत नाहीत.

मैत्रिणींनो, या फेराकडं एकदा वेगळ्या नजरेनं बघा. फेरात कोण कोण आहे ते आपल्याला दिसतं, पण कोण नाही हे बघायची आपल्याला सवय नाही. दोन वर्षांपूर्वी जिचा नवरा गेला ती शेजारीण दाराच्या चौकटीला टेकून उभी असते. गाणी सगळी तिला पाठ असतात, ओठही हलत असतात. पाय मात्र उंबऱ्याच्या आत असतात. तिला "येऊ नको" असं कुणी म्हणत नाही. "ये" असंही कुणी म्हणत नाही. आणि बोलावल्याशिवाय ती येणार नाही, हे तिलाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही.

आज बोलायचंय ते तिच्याबद्दल. आणि गाण्याबद्दल, अंगाच्या हालचालीबद्दलही. कारण दुःखातून बाहेर यायला माणसाला या दोन्हींची गरज लागते.

आपल्या बायाबापड्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. घरात माणूस गेलं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात. त्या रडण्यात बोल असतात. गेलेल्या माणसाच्या सवयी, त्यानं केलेलं, राहून गेलेलं, सगळं त्या हेलात येतं. ऊर बडवला जातो, डोकं हलतं, अंग पुढं-मागं झुलतं. शहरातल्या माणसाला ते विचित्र वाटेल. पण तिथं शब्द आणि अंग दोन्ही एकाच वेळी मोकळे होत असतात. मात्र त्याला मुदत ठरलेली असते. तेराव्याला गोड जेवण होतं, पाहुणे आपापल्या गावाला जातात आणि चौदाव्या दिवशी तिला सांगितलं जातं, "आता पदर खोच, लेकरांकडं बघ." त्यानंतरही ती रडत राहिली तर "किती दिवस रडणार?" आणि हसली तर "हसायला कसं येतं हिला?" दोन्हीकडून तिचीच पंचाईत.

पूर्वी निदान जातं होतं. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला हात लागायचा आणि दळणाबरोबर ओवी यायची. हाताच्या फेऱ्यावर ओवीची चाल बसलेली असायची. सासरचा जाच, माहेरची आठवण, मेलेलं लेकरू, दूर गेलेला भाऊ, असं सगळं तिथं बोलता यायचं. जात्याच्या घरघरीत मधेच आवाज कापरा झाला तरी बाहेर ओसरीवर झोपलेल्यांना कळायचं नाही. समोरचीला मात्र कळायचं, आणि ती पुढची ओवी आपल्या तोंडानं पुरी करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर तो रोज पहाटेचा समुपदेशनाचा तास होता आणि त्याला फी नव्हती.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनं त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. अक्षरही न गिरवलेल्या बायकांनी रचलेलं हे काव्य एवढं मोठं आहे की एका माणसाचं आयुष्य ते वाचायला पुरणार नाही. गावात पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले. ते चांगलंच झालं, जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण गिरणीत डबा ठेवून घरी येताना आपण त्याबरोबर ओवीची जागाही सोडून आलो. तिच्याऐवजी दुसरी जागा आपण केली नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या. जात्यापुढं विधवेला बंदी नव्हती. कारण तिथं काम होतं, अंधार होता आणि बघणारं कुणी नव्हतं. फेरात मात्र तिला जागा नव्हती, कारण फेर चारचौघांत होता आणि आनंदाचा होता. म्हणजे तिचं गाणं चालत होतं, पण ते कोपऱ्यात. चार माणसांत तिचं पाऊल गाण्यावर पडलेलं चालत नव्हतं.

आपला भाग तर गाण्या-नाचण्याच्या भक्तीचाच आहे. अणदूरचा खंडोबा वर्षातला बराचसा काळ अणदुरात आणि उरलेला नळदुर्गात मुक्कामाला असतो, हे आपल्याला माहीतच आहे. खंडोबाच्या जागरणात वाघ्याची दिमडी वाजते, मुरळीच्या हातातली घाटी वाजते, आणि गाणं नि पाऊल एकाच ठेक्यावर चालतात. तिकडं तुळजापूरच्या आईचे आराधी संबळ-तुणतुण्यावर गातात, नाचतात, पोत पाजळतात. बाईचं गाणं आणि बाईचं नाचणं आपल्याला परकं नाही. पण त्याच परंपरेत लहान मुलींना देवाला सोडून मुरळ्या केलं गेलं. त्यांचं नाचणं लोकांनी रात्रभर बघितलं, पण त्यांचं दुःख ऐकायला कुणी थांबलं नाही. ही प्रथा संपवण्यासाठी राज्यात 2005 साली कायदा करावा लागला. तेव्हा नुसतं बाई गाते, बाई नाचते एवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. ती कुणाच्या मर्जीनं गाते आणि कुणाची गोष्ट गाते, हे विचारावंच लागतं.

आणि ते 'अंगात येणं'! आरतीच्या वेळी एखादीचे केस सुटतात, ती घुमायला लागते. शिकलेल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसतात, म्हाताऱ्या पाया पडतात. दोघींनीही जरा विचार करावा. अंगात देवी येत नाही, हे खरंच. पण घुमणाऱ्या बाईला वर्षभरात मोठ्यानं ओरडायला, केस मोकळे सोडायला, मनातलं बोलायला दुसरी कुठली जागा होती? कित्येक जणी दवाखान्यात जातात आणि डॉक्टरांना सांगतात, "अंग दुखतंय, छाती भरून येतीय, झोप लागत नाही." तपासण्या केल्या तर काही सापडत नाही. तोंडानं बोलता न आलेलं अंग बोलत असतं.

मग या दुःखाला चांगली, सन्मानाची जागा कशी द्यायची? याचं एक उत्तर विदर्भातल्या बायकांनी दिलंय.

'तेरवं' हे नाटक तुमच्यापैकी काही जणींनी ऐकलं असेल. वऱ्हाडीत तेरवं म्हणजे तेरावा. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं हे नाटक. त्यात काम करणाऱ्या बायका मुंबई-पुण्याच्या नट्या नव्हत्या. ज्यांच्या नवऱ्यांनी आत्महत्या केल्या अशा शेतकरी घरांतल्या बायका त्यात स्वतः उभ्या राहिल्या. विचार करा, जिला तेराव्यानंतर गप्प बसायला सांगितलं, ती तेराव्याचंच नाव घेऊन स्टेजवर आली. नाटकात उभं राहायचं म्हणजे नुसतं पाठ म्हणणं नसतं. मान वर करायची, पदर सावरून पुढं यायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, थांबायचं कुठं नि वळायचं कुठं हे आपलं आपण ठरवायचं. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभं राहायची सवय लागलेल्या अंगाला हे सगळं नवं असतं. रोजच्या तालमीत आधी ते अंग बदलतं, मन त्याच्या मागून येतं.

या नाटकात काम करणाऱ्या वैशाली येडे यवतमाळ जिल्ह्यातल्या. 2011 साली त्यांच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. अंगणवाडीत काम करून त्यांनी लेकरं सांभाळली. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक कोण असावं यावरून तेव्हा मोठा वाद झाला आणि शेवटी उद्घाटनाचा मान वैशालीताईंना मिळाला. संमेलनाच्या अध्यक्षा होत्या कवयित्री अरुणा ढेरे. त्या मंचावरून वैशालीताई जे बोलल्या त्याचा आशय असा होता, की पुढच्या जन्माची वाट बघत बसण्यात माझा विश्वास नाही, मला याच जन्मात लढायचंय. हजारोंच्या समोर हे बोलायचं बळ त्यांच्यात एका दिवसात आलं नसणार. आधी नाटकाच्या तालमीत, स्वतःसारख्याच दुसऱ्या बायकांबरोबर, त्या बोलायला शिकलेल्या होत्या. 2024 साली 'तेरवं' याच नावाचा चित्रपटही आला.

यवतमाळ आणि आपला धाराशिव यांचं एक नातं आहे, आणि ते दुःखाचंच आहे. शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून सरकारनं 2015 साली 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केलं ते याच दोन जिल्ह्यांत. म्हणजे तिथल्या बायकांनी जे सोसलं तेच आपल्या गल्लीतल्या बायकांनीही सोसलंय. त्याआधी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. एका रात्रीत हजारो माणसं गेली. गणपती विसर्जन करून झोपलेली घरं सकाळी उरली नाहीत. त्या वेळच्या कित्येक आया, बहिणी अजून आपल्यात आहेत. त्यांना नवी घरं मिळाली, पत्रे मिळाले, धान्य मिळालं. पण त्या रात्रीबद्दल त्यांना सावकाश बोलू देणारी जागा गावोगावी किती झाली?

दुःखात शब्द आणि पाऊल एकत्र आणणारी बाई आपल्याला काही नवी नाही. सावित्रीबाईंचंच बघा. नोव्हेंबर 1890 मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तकपुत्र यशवंतला विरोध केला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढं झाल्या आणि टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, जेव्हा विधवेनं कोपऱ्यात तोंड लपवून बसायचं असा रिवाज होता, तेव्हा! त्यानंतर जोतीरावांचं चरित्र त्यांनी पद्यात रचलं, 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' या नावानं. आधी चारचौघांत चालणं, मग कविता. सुषमा देशपांडे यांनी 1989 पासून 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग गावोगाव केला, तेव्हा शाळा-कॉलेज न बघितलेल्या बायकांनाही सावित्रीबाई आपल्या घरातली वाटली. एक बाई, एक लुगडं आणि तिचे शब्द. मोठा सेट लागला नाही की दिव्यांची रोषणाई लागली नाही.

आता जरा लांबचं उदाहरण सांगते. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथं 1973 साली लष्करानं सत्ता घेतली आणि पुढं कित्येक माणसांना पकडून नेलं. ती परत आलीच नाहीत. प्रेत नाही, दहावं-तेरावं नाही, कपाळाचं काय करायचं तेही कळत नाही, अशी त्यांच्या बायकांची अवस्था. तिथं क्वेका नावाचा एक नाच आहे, तो बाई आणि पुरुष जोडीनं, हातात रुमाल घेऊन करतात. 8 मार्च 1978 ला, महिला दिनी, सांतियागो शहरात या बायका थिएटरात जमल्या. छातीवर नवऱ्याचा, भावाचा, मुलाचा फोटो लावलेला. गाण्याचे शब्द त्यांचे स्वतःचे. आणि एक बाई जोडीचा तो नाच एकटीच नाचली. समोरची जागा रिकामी. तो नाच आहे कुणाबरोबर, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं. दुसऱ्याच वर्षी सरकारनं क्वेकाला राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केलं, पण एकट्या बायकांच्या त्या नाचानं सरकारला विचारलेला प्रश्न काही पुसला गेला नाही.

शेजारच्या अर्जेंटिनात तर मुलं बेपत्ता झालेल्या आया 1977 पासून राजवाड्यासमोरच्या चौकात डोक्याला पांढरा रुमाल बांधून जमू लागल्या. घोळक्यानं उभं राहायला बंदी, म्हणून त्या चौकाभोवती गोल चालू लागल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी फेरच धरला की!

यावर काही जणी म्हणतील, "हे सगळं ठीक, पण दुःखाचं असं प्रदर्शन कशाला? आधीच तिची दैना, त्यात लोकांसमोर नाचवायचं?" शंका बरोबर आहे. नवऱ्याच्या आत्महत्येवर बाईला रडायला लावायचं, समोर कॅमेरा धरायचा आणि टाळ्या घ्यायच्या, असे प्रकार आपण बातम्यांत बघितलेत. ते वाईटच. फरक एकच बघायचा, की ठरवतंय कोण? आपली गोष्ट सांगायची की नाही, किती सांगायची, कुठं थांबायचं, हे तिनं ठरवलं तर ती कला. दुसऱ्यानं ठरवलं तर तो तमाशा, आणि तमाशा कलावंतांची माफी मागून हा शब्द वापरते.

दुसरी शंका पोटाची. "गाण्या-नाचण्यानं सातबाऱ्यावर नाव लागतं का?" नाही लागत. सावकाराचं देणं फिटत नाही आणि पोराची फीही भरली जात नाही. वारसनोंद, मदत, पेन्शन, यासाठी तलाठ्याकडं आणि तहसीलला खेटे घालावेच लागतात. पण जी बाई चार जणींपुढं मान वर करून बोलली, ती तलाठ्यासमोरही बोलते. जिनं वर्षभर तोंडच उघडलं नाही, तिचा कागद दीर पुढं करतो आणि अंगठाही दीरच घेतो. त्यामुळं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तिसरी गोष्ट उभारीची. आपल्याला उभारी म्हणजे लवकर विसरणं वाटतं. "बघा, पंधरा दिवसांत शेतात आली, किती खंबीर!" असं आपण कौतुकानं म्हणतो. ती शेतात आली कारण खुरपणी थांबत नाही आणि रोजगार बुडवून चालत नाही. त्याला खंबीरपणा म्हणून आपण आपली जबाबदारी झटकतो. गेलेल्या माणसाचं नाव घेत, मधेच रडत, मधेच हसत जगता येणं, ही खरी उभारी. तिला वेळ लागतो आणि सोबत लागते.

मग आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. बचत गटाची बैठक दर महिन्याला होतेच. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या की अर्धा तास जास्त बसा. दार लावून घ्या, मोबाइल पिशवीत टाका, व्हिडिओ कुणीही काढायचा नाही. एखाद्या म्हाताऱ्या आक्कांना ओव्या म्हणायला सांगा. मग ज्या जणीला वाटेल तिनं आपली एक ओळ जोडावी. ओळ तोडकीमोडकी असली तरी चालेल. तिच्याबरोबर अंगाची एखादी ओळखीची हालचाल घ्या. जात्याचा फेरा, सुपानं पाखडणं, आडातून दोर ओढणं, पेरणीची मूठ. ही कामं आपल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत, वेगळा नाच शिकायला नको. एक जण करेल तसं बाकीच्यांनी करायचं, म्हणजे ती एकटी पडत नाही. जिला बोलायचं नाही तिनं नुसता ताल धरावा. कुणी रडली तर रडू द्या, लगेच पाणी पुढं करून तिला थांबवू नका.

आणि एक काळजी घ्या. एखादी फारच खचलेली वाटली, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर गाण्यावर सोडून देऊ नका. तिला एकटीला ठेवू नका, आशाताईंना सांगा, दवाखान्यात घेऊन जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. त्यावर फुकट बोलता येतं. तो बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

बाहेरचे बदल हळूहळू होतायत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला, छान झालं. पण कुंकू न पुसण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. "चल गं, हात दे" हे वाक्य ग्रामसभा म्हणू शकत नाही. ते बाईनंच बाईला म्हणावं लागतं.

त्यातही ते म्हणायचं बळ कुणाकडं आहे, हे आपण सगळ्या जाणून आहोत. नवी सून बोलली तर सासू डोळे वटारेल. ती विधवा स्वतःहून आली तर कुजबुज होईल. पण गल्लीतली थोरली सवाशीण, जिच्या शब्दाला मान आहे, जिच्या हातून सगळ्यांच्या ओट्या भरल्या जातात, ती आजी, ती काकू जर उठली आणि त्या दारात जाऊन तिनं हात पुढं केला, तर कुणाची बोलायची छाती होणार नाही. रूढी मोडायला दरवेळी मोर्चाच लागतो असं नाही. कधी कधी एका मानाच्या बाईनं दहा पावलं चालणं पुरतं.

म्हणून यंदाचं सांगणं थोरल्यांना आहे. आजीबाई, काकू, आत्या, मावशी, तुम्ही आजवर कित्येक लेकी-सुनांना फेरात ओढून आणलंत. "लाजतीस काय, ये की" म्हणून दटावलंत. तसंच एकदा तिलाही दटावा. ती आधी नको म्हणेल, डोळ्यांत पाणी येईल. तरी हात सोडू नका. आणि ती आली की तिच्या शेजारची जागा तुम्ही घ्या.